सीमाभागात एलजीबीटी इतिहासाचा जाहीर कार्यक्रम कसा आखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या इतिहासावर जाहीर कार्यक्रम करायचा असेल, तर सुरुवात न्यूयॉर्कच्या 1969 मधील स्टोनवॉल उठावापासून किंवा 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात निघालेल्या भारतातल्या पहिल्या प्राइड पदयात्रेपासून करू नये, असे माझे मत आहे. त्या गोष्टी ओघाने येतीलच. परंतु इथल्या प्रेक्षकाने डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे टोपलीतली मूर्ती, घेतलेला जोगप्पा (देवीला वाहिलेला, स्त्रीवेषात राहणारा सेवेकरी) लहानपणापासून दारात पाहिलेला असतो, आणि त्या ओळखीपासून बोलणे सुरू झाले की सभागृहातले अवघडलेपण बरेच ओसरते.

तारीख ठरवताना पंचांग आणि बंदोबस्त दोन्ही पाहावे लागतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विषयीचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा आहे खरा. पण त्या सुमारास बहुधा गणपतीची धामधूम असते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधान सौधमधील विधिमंडळ अधिवेशनामुळे पोलिसांना उसंत नसते, वैशाखातल्या शिवजयंतीला शहर चित्ररथांच्या मिरवणुकीत गुंतलेले असते, आणि कर्नाटक राज्योत्सव व मराठी भाषकांचा काळा दिवस एकत्र येतात त्या 1 नोव्हेंबरचे तर नावच काढू नये. तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 15 एप्रिल 2014 रोजी लागला. तो दिवस मला सर्वांत सोयीचा वाटतो. मात्र चैत्र, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास जोगप्पा मंडळी सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर यात्रेला असतात, हे लक्षात ठेवून चैत्र पौर्णिमा कधी येते ते आधी तपासावे.

जोगप्पांना बोलावताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी. त्यांचे गाणे ही देवीची सेवा आहे. त्यांनी स्वतः म्हटल्याशिवाय त्यांच्यावर एलजीबीटी ही चिठ्ठी चिकटवू नये, आणि निवेदकाने त्यांना कोणत्या नावाने व कोणत्या लिंगाने संबोधायचे, ते त्यांनाच विचारून कागदावर लिहून घ्यावे. आम्ही एकदा न विचारता देवीच्या परडीचे छायाचित्र जाहिरातीच्या फलकावर छापले आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फलक उतरवण्याची पाळी आली. मानधन इतर कलावंतांइतकेच, पाकिटात, कार्यक्रमापूर्वी द्यावे; ओवाळणी म्हणून रंगमंचावर नोटा देणे टाळावे. आणखी एक बारीक गोष्ट: चौंडके हे त्यांचे एकतारी वाद्य बगलेत धरून वाजवतात, तार ताणली वा सैल सोडली की त्याचा सूर बदलतो, आणि गाणाऱ्याच्या तोंडासमोरच्या एकाच माइकमध्ये हा सूर हरवतो. त्यासाठी कमी उंचीचा दुसरा माइक ठेवावा आणि निदान एक गाणे लावून ध्वनीची चाचणी घ्यावी.

गाण्यानंतर मंजम्मा जोगती यांचा परिचय द्यावा. 2019 मध्ये कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्षपदी आणि 2021 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचलेल्या या जोगती नृत्य कलावंताचे नाव ऐकले की शासकीय पाहुण्यांचीही भीड चेपते. परंतु परंपरेचे केवळ गोडवे गाऊ नयेत. मुलींना देवीला सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात 1982 च्या कायद्याने बंदी आली, हा भाग प्रदर्शनात आलाच पाहिजे.

प्रदर्शनासाठी सात-आठ फलक पुरतात. कलम 377 ज्या दंडसंहितेतून आले ती 1862 मध्ये लागू झाली, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला, 2018 मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, आणि 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली गेली. ही चढउताराची गोष्ट आहे तशीच मांडावी. 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी ठेवलेले एक टक्का आरक्षण ठळक अक्षरांत द्यावे. तिथे लोक थांबून वाचतात.

प्रत्येक फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत असावा आणि निवेदकही दोन ठेवावेत, म्हणजे भाषेचा वाद दारातच थांबतो. पोलीस परवानगीचा अर्ज लवकर द्यावा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो.

प्रेक्षकांत असे अनेक जण असतात ज्यांच्या घरी काहीच ठाऊक नसते. बेळगावात कोण कोणाचा नातेवाईक निघेल याचा नेम नाही, म्हणून मागच्या चार रांगांत छायाचित्रणास बंदी ठेवावी, तशी पाटी दोन्ही भाषांत लावावी आणि वार्ताहरांना कॅमेरा कुठवर न्यायचा, ते दारातच सांगावे.