अप्रेंटिसची पिशवी: पाइप वेल्डिंगला जाण्याआधी

भाच्याचा फोन आला. आयटीआयचा वेल्डर ट्रेड झाला, सोमवारपासून तळोज्याच्या बाजूला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून हजर व्हायचंय. पाइपचं काम आहे, रिफायनरीला जाणारे स्पूल, म्हणजे शॉपमध्येच जोडून तयार केलेले पाइपचे भाग. "मामा, काय काय घेऊन जाऊ?" म्हटलं, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी सांगायला बसलो तर पिशवीत मावण्यासारखं निम्मंच निघालं. मग लिहूनच काढलं. त्याच्याबरोबर आणखी चार पोरांच्या उपयोगी पडलं तर बरंच.

कागद आधी उरकून टाकू. आयटीआयची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, त्याला जोडलेल्या खात्याचं पासबुक, फोटो. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. धोकादायक उद्योगात अठरा पूर्ण लागतात, तुझी झालीत. सही करण्याआधी करार वाच. ट्रेडचं नाव, मुदत आणि स्टायपेंड या तीन ओळी तरी बोट ठेवून वाच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तुला कामगार नाही, शिकाऊ म्हटलंय, पण सुरक्षेच्या बाबतीत कारखान्यातल्या इतरांना जे लागू तेच तुलाही लागू आहे. आणखी एक: शिकाऊ सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला लावता येत नाही. शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचे दिवस, जवळ आलं की "थांब रे दोन तास" म्हणणारे भेटतील. भांडू नकोस, पण माहीत असू दे.

आता कपडे. सगळं सुती. टेरिकॉटची पँट ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटते, सुती कापड नुसतं जळून भोक पडतं. पँटची मोहरी खाली दुमडलेली नको, त्या दुमडीत ठिणगी जाऊन बसते आणि पोटरीला चटका बसल्यावरच कळतं. मोहरी बुटाच्या वरून बाहेर सोडायची, बुटात खोचायची नाही. शर्टाला वरचा खिसा असेल तर त्याला झाकण हवं. चामड्याचे हातमोजे, बाह्या, एप्रन, सेफ्टी शूज कंपनी देते. हातमोजे मात्र दोन जोड घरूनही ने. आर्गनला, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या सुईनं करायच्या वेल्डिंगला, पातळ मोजे लागतात, रॉडच्या, म्हणजे कव्हर असलेल्या सळीच्या, कामाला जाड. पातळ मोजा पहिल्यांदा हातात चढवशील तेव्हा कळेल की फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, बोटांनी पुढे सरकवायची असते, मनगटानं नाही. घरी बसून पेन्सिलीवर हे करून बघ. अंगठ्यानं ढकलायचं, दोन बोटांनी धरायचं. टीव्ही बघताना करत बस, आई विचारेल काय झालंय पोराला.

डोळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं सगळे फुशारकी मारतात. रॉडला ११ नंबरची काळी काच, तिच्या पुढे साधी पांढरी काच, आणि पांढरी काच ठिपक्यांनी भरली की बदलायची. दोन रुपये वाचवायला धुरकट काचेतून बघणारा वेल्डर रूट, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, कधीच बघत नाही, अंदाजानं ओढतो. आर्क म्हणजे वेल्डिंगची लखलखती ज्योत; आपल्या आर्कपेक्षा शेजाऱ्याचा आर्क जास्त घात करतो. तू ग्राइंडिंग करत असतोस, हेल्मेट वर असतं, आणि बाजूचा न सांगता आर्क लावतो. त्या वेळी काहीच होत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. आमच्या खोलीवर तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवायचे, कुणी कच्चं दूध घालायचे. तसलं काही करू नकोस. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पड आणि सकाळी डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून सारखे घालणारे लोक डोळ्याचं वाटोळं करून घेतात. हेल्मेटखाली साधा सेफ्टी चष्मा कायम असू दे. निम्मं काम त्यानंच होतं.

हत्यारं बहुतेक शॉपमध्ये मिळतात, पण चार वस्तू स्वतःच्या असाव्यात: वायर ब्रश, चपटी कानस, छोटी टॉर्च आणि एक लहान आरसा. आरशाला हसतील. भिंतीला लागून असलेल्या पाइपची मागची बाजू बघायला दुसरा उपाय नाही. स्टेनलेसला वेगळा स्टेनलेसचाच ब्रश लागतो, त्याच्यावर रंगाची खूण कर. साध्या लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला की तिथं पुढे गंज धरतो, आणि मग ब्रश कुणाचा याची चौकशी सुरू होते.

ग्राइंडर तुझ्या हातात पहिल्या आठवड्यातच येईल, आणि बरेच दिवस तोच राहील. याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या पहिल्या वर्षात मी आर्क किती कमी लावला हे आठवलं की आजही उस्तादाचा राग येतो, आणि त्याच उस्तादाचं बरोबर होतं हेही कळतं. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, कितीही अडचणीची जागा असली तरी. कटिंगच्या पातळ चकतीनं घासायचं नाही, ती आडव्या दाबाला फुटते. चकतीवरचे आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नसावेत. मुदतीची तारीख चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर असते, ती बघ.

घासायचं काय, तर बेव्हल. पाइपच्या तोंडाला साडेसदतीस अंशाचा उतार असतो. त्याच्या टोकाला साधारण दीड मिलिमीटरची सपाट कड ठेवतात, ती रूट फेस. दोन पाइप समोरासमोर आले की मधे अडीच ते तीन मिलिमीटर गॅप. गॅप मोजायला आम्ही २.५ च्या रॉडचं कव्हर झटकून आतली तार वाकवून मधे घालायचो. ही तार सगळीकडून सारख्या ओढीनं सरकली पाहिजे. खालून मोकळी आणि वरून अडकत असेल तर पाइप जुळवणाऱ्या फिटरला सांग, गुण्या लावून परत बघू दे. फिटर कुरकुरेल. कुरकुरू दे. पुढे एक्स-रेत जॉइंट नापास झाला तर नाव वेल्डरचं लागतं, फिटरचं नाही. बेव्हलच्या आतबाहेर इंचभर तरी पाइप चकचकीत झाला पाहिजे. गंज, रंग, तेल, अगदी हाताचा घामसुद्धा नको. टॅक, म्हणजे पाइप जागेवर धरायचा छोटा टाका, मारल्यावर त्याची दोन्ही टोकं घासून पिसासारखी निमुळती कर. रूट येऊन टॅकला मिळतो त्या जागीच सगळ्यात जास्त दोष राहतात.

रूट मारताना काय दिसायला हवं ते आताच सांगून ठेवतो, कारण दिसायला लागेपर्यंत महिने जातात. आर्क लागला की दोन्ही कडा वितळतात आणि पुढे किल्लीच्या भोकासारखं एक भोक तयार होतं, त्याला की-होल म्हणतात. ते भोक तुझ्यापुढे चालत राहिलं पाहिजे, ना मोठं होता, ना बुजता. मोठं झालं तर धातू आत लोंबतो, बुजलं तर आतली कड वितळलेलीच नसते. पाइपवर घड्याळ आहे असं समज. सहावरून सुरू करून एका बाजूनं बारापर्यंत चढायचं, मग परत सहापासून दुसऱ्या बाजूनं. सहाला तू डोक्यावर वेल्डिंग करत असतोस. वितळलेला धातू खाली यायला बघतो आणि आतून रूट खोलगट राहतो. बाराला उलट, धातू पाइपात आत पडायला बघतो. म्हणजे एकाच जॉइंटमध्ये घड्याळाच्या आकड्यागणिक हाताचा कोन आणि वेग बदलत जातो. सहा इंची पाइप म्हणजे बाहेरून १६८.३ मिलिमीटर, घेर अर्ध्या मीटरच्या वर. एवढ्या अंतरात शरीर कुठे टेकवायचं हे आर्क लावण्याआधी ठरवायचं. हेल्मेट वर ठेवून, आर्क न लावता, हात एकदा पूर्ण फिरवून बघ. कोपर कुठे अडतं, केबल कुठे ओढते ते कळतं. मी आजही करतो.

यासाठी शरीर तयार पाहिजे. उकिडवं बसायची सवय गेली असेल तर आजपासून रोज दहा मिनिटं बस. मान आणि खांदे मोकळे कर. सकाळी उपाशी जाऊ नकोस, हात थरथरतो.

आता रॉड. आयटीआयत तू बहुतेक ६०१३ वर हात बसवलास, शॉपमध्ये ७०१८ मिळेल. ७० म्हणजे ताकद, चौरस इंचाला सत्तर हजार पौंड. १ म्हणजे सगळ्या पोझिशनला, आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या, चालणारा. ८ म्हणजे कव्हरचा प्रकार, कमी हायड्रोजनवाला. हा रॉड ओलावा सहन करत नाही. कव्हरात ओल शिरली की आर्कमध्ये तिचा हायड्रोजन होतो, तो तापलेल्या पोलादात मुरतो आणि जॉइंट थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशाला, ओव्हनमध्ये भाजायचा आणि मग विजेवर गरम राहणाऱ्या छोट्या डब्यात घालून जागेवर न्यायचा. कोकणपट्टीत जूनपासून हवाच ओली. एका पावसाळ्यात, कंपनीचं नाव नको, आमच्यातल्या कुणीतरी रात्री डब्याचा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावला. सकाळी त्याच रॉडनं काम झालं आणि आठवड्यानं जॉइंटच्या एक्स-रे फिल्म आल्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या. अकरा जॉइंट गॉजिंग करून, म्हणजे कोरून काढून, परत भरले. प्लग काढणारा मी नव्हतो, पण डबा गार लागतोय हे हाताला कळलं होतं आणि मी बोललो नव्हतो. तू बोल. डब्याला हात लावायची सवय ठेव आणि एका वेळी लागतील तेवढेच रॉड काढ.

फिल्मचा विषय निघालाच आहे तर क्वालिटीच्या माणसाशी ओळख ठेव आणि जेवणाच्या सुट्टीत फिल्म बघायला माग. मधून गेलेली सरळ काळी रेघ म्हणजे रूट आत पोचलाच नाही, गोल काळे ठिपके म्हणजे पोरॉसिटी, आत अडकलेल्या वायूची भोकं, वेडावाकडा काळा डाग म्हणजे स्लॅग, रॉडच्या कव्हरची मळी, अडकलाय. पांढरा कण दिसला तर आर्गनवाल्यानं टंगस्टन टेकवलंय. हाताला जे कळलं नाही ते फिल्म सांगते. पण फिल्म काढतात रात्री, इरिडियमच्या किरणोत्सारी सोर्सनं. रस्सी बांधलेली असेल तर ती ओलांडायची नाही, शॉर्टकट म्हणूनही नाही. साइटवर चकचकीत, ओळख न पटणारी छोटी धातूची वस्तू पडलेली दिसली तर उचलायची नाही. लांब हो आणि सुपरवायझरला बोलाव.

जिवावर बेतणारी आणखी एक गोष्ट आर्गनची. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात, टाकीच्या तळाला, मोठ्या पाइपात साचून राहतो. स्टेनलेसला आतून आर्गन भरावा लागतो, त्याला पर्जिंग म्हणतात. अशा पाइपात रूट बघायला डोकं घालायचा मोह होतो. ऑक्सिजन नसलेल्या हवेचे एकदोन श्वास माणूस पाडायला पुरतात, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच पडतो. ऑक्सिजन मीटर लावून आकडा १९.५ टक्क्यांच्या वर दिसल्याशिवाय आणि परमिटवर सही झाल्याशिवाय आत जायचं नाही. प्लांटवर गेलास की हॉट वर्क परमिट (ठिणगीच्या कामाची लेखी परवानगी), गॅस टेस्ट आणि फायर वॉचर (आगीवर लक्ष ठेवणारा माणूस) हे तिन्ही असल्याशिवाय रॉडचा होल्डर उचलायचा नाही. फोरमन घाई करेल, तो करतोच.

पुढचं लक्ष्य वेल्डरची ६ जी परीक्षा. पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला, हलवायचा नाही, सगळ्या पोझिशन एकाच जॉइंटमध्ये. अमेरिकन कोडप्रमाणे, म्हणजे वेल्डिंगच्या तिकडच्या नियमावलीप्रमाणे, दोन इंची पाइपवर, म्हणजे बाहेरून ६०.३ मिलिमीटर, पास झालास तर २५ मिलिमीटरपासून वरच्या सगळ्या व्यासाला तू चालतोस; जाडीची मर्यादा मात्र तू किती धातू भरलास त्यावर ठरते. ती प्रोसेस, म्हणजे रॉड किंवा आर्गन, ज्यात पास झालास ती पद्धत, सहा महिने हातात घेतली नाहीस तर पास झालेलं संपतं. म्हणून कुठला जॉइंट, कुठली प्रोसेस, कुठली तारीख हे स्वतःच्या वहीत लिहून सही घेत जा. वाफेच्या लाइनला बॉयलर खात्याची वेगळी परीक्षा असते, तिची घाई आत्ता नको. कामाचं माप इंच-डायात लिहितात, सहा इंचीचा एक जॉइंट म्हणजे सहा. लोक दिवसाचे इंच-डाया सांगून छाती फुगवतात. तू त्याच वहीत रिपेअर किती आले तेही लिही.

रविवारी सकाळी लवकर इकडे ये. दोन इंची, शेड्यूल ८० चे, म्हणजे जाड भिंतीचे, पाइपचे दोन तुकडे आहेत माझ्याकडे, सरळ कापलेले, बेव्हल नसलेले. मशीन चालू करणार नाही. एकाचं तोंड तू कानशीनं कर, दुसऱ्याचं मी करतो, मग तार घालून बघू. कानस घेऊन ये, माझी झिजलीय.