शेवटचा घास, तिखट नाही, कोथिंबीर आहे ती: जेवू घालतानाच्या थापा आणि या चुका टाळा

आमच्या घरात एका रविवारी धपाटे बंद झाले. म्हणजे मोठी माणसं खात होती, तीन वर्षांची लेक खाईना. त्याआधी वर्षभर तेच तिचं हमखास जेवण होतं. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, थोडं बेसन, किसलेला दुधी आणि वर दही. दुधीचं तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी एक हिरवट धागा दातात आला. तिने तो दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "कोथिंबीर." पलीकडे शेंगा निवडत बसलेल्या सासूबाई सहज बोलून गेल्या, "कोथिंबीर कुठली, दुधी हाय की तो."

पुढचा दीड महिना धपाटे, थालीपीठ, पराठा, ज्यात काही लपवता येईल असं काहीही तिने तोंडात घेतलं नाही. साधी भाकरीसुद्धा उलटीपालटी करून बघायची, कस्टमच्या साहेबासारखी.

लोणकढी थाप मारणं काही पाप नाही. चिऊचा घास, काऊचा घास हीसुद्धा थापच की. पण चिऊ जेवायला येत नाही हे कळल्यावरही मूल तो खेळ चालू ठेवतं, कारण त्या थापेत तेही सामील असतं. बिघडतं कुठे, तर ताटात काय आहे, किती आहे आणि नाही खाल्लं तर काय होईल, याबद्दल खोटं बोललो की. खालच्या बहुतेक चुका मी केलेल्या आहेत, त्यामुळे कुणाला शहाणपण शिकवायचा आव नाही.

"तिखट नाहीये गं"

सोलापुरात ही थाप पहिल्या नंबरची. काळं तिखट घातलेली आमटी, शेंगाचटणी, लसणाचा ठेचा, यातलं आपल्या जिभेला काहीच तिखट लागत नाही आणि आपण प्रामाणिकपणे म्हणतो, "अजिबात तिखट नाही." मूल घास घेतं, डोळ्यांत पाणी येतं. त्या एका घासात दोन गोष्टी जातात: तो पदार्थ आणि तुमचा शब्द. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरोखर बिनतिखटाचं वरण पुढे केलंत तरी तोंड मिटलेलंच राहतं. आणि आपण शेजारणीला सांगतो, आमची फार नाटकं करते.

यावर उपाय स्वयंपाकातच आहे. आमटीत काळं तिखट पडायच्या आधी मुलाची वाटी बाजूला काढा. चटणी द्यायचीच असेल तर दह्यात चिमूटभर कालवून, आणि "थोडं तिखट आहे, जिभेच्या टोकाला लावून बघ" असं सांगून. आमच्याकडे आता लेकीच्या भाषेत तिखटाच्या तीन पायऱ्या आहेत: माझं तिखट, आईचं तिखट, आजोबांचं तिखट. लेक स्वतःच विचारते, "हे कुणाचं आहे?" खरं उत्तर मिळतं म्हणून कधी कधी आईच्या तिखटातही बोट बुडवून बघते.

तोंड पोळलंच तर पाणी पाजत बसू नका, त्याने तिखट जात नाही, तोंडभर पसरतं. मिरचीतला झोंबणारा अंश पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्या.

लपवा हवं तर, पण विचारल्यावर नाकारू नका

पिठात भाजी किसून घालणं हा खोटेपणा नव्हे, तो स्वयंपाक आहे. आपल्या आज्या मेथी, पालक, कांद्याची पात पिठात घालूनच भाकऱ्या-धपाटे करत आल्या. माझी चूक "कोथिंबीर" म्हणण्यात होती. "दुधी आहे, धपाट्यात नेहमीच असतो" एवढं सांगितलं असतं तर फार तर तो एक धपाटा गेला असता.

दुसरं, नुसतं लपवून मुलाला ती भाजी आवडायला लागत नाही. दुधी तिने वर्षभर खाल्ला, पण दुधीशी तिची ओळख झालीच नाही. साधारण २ ते ६ या वयात नव्या पदार्थाबद्दल संशय वाटणं अगदी स्वाभाविक आहे. एखादी भाजी पसंत पडायला ती ८ ते १५ वेळा तरी समोर यावी लागते. समोर येणं म्हणजे खाणं नव्हे. बघणं, हुंगणं, चुरगाळणं, चाटून परत ठेवणं, सगळं त्यात धरायचं. आपण बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळी "हिला आवडतच नाही" असा निकाल देऊन मोकळे होतो. म्हणून धपाट्यात किसलेला दुधी असेल त्या दिवशी ताटाच्या कडेला दुधीच्या दोन उकडलेल्या फोडीही ठेवा आणि त्यांच्याबद्दल अवाक्षर काढू नका.

शेवटचा घास, त्याच्या नंतरचा शेवटचा घास

एकदा मोजले. "शेवटचा" म्हणून मी सात घास भरवले होते. मुलांना आकडे येत नसतील, पण शेवटचा म्हणजे शेवटचा नाही हे त्यांना बरोबर कळतं. मग ती पहिल्या घासापासूनच घासाघीस सुरू करतात, मंगळवार बाजारात करावी तशी. शेवटचा म्हटलात की ताट उचला. पोट भरलं नसेल तर मूल मागेल, आणि मागून खाल्लेला घास भरवलेल्या चारांपेक्षा बरा.

पण ही थाप आपल्या तोंडी येते, कारण किती खाल्लं म्हणजे पुरे, हा आपला हिशेबच चुकलेला असतो. जन्मताना ३ किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण ९ किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. आपल्या डोळ्यांसमोर आधीचं गुबगुबीत बाळ असतं, म्हणून वाटतं की पोर खातच नाही. ढोबळ माप असं, की वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी, तीन चमचे वरण आणि पाव भाकरी हे पुरतं. कडक भाकरी असेल तर आमटीत किंवा दुधात चांगली मऊ होईपर्यंत भिजवून.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जी वाटणी सांगितली आहे ती मला पटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आमच्या घरी ही वाटणी आजीला मान्य व्हायला थोडा वेळ लागला. खरं तर अजून पूर्ण झालेली नाही.

"तो बघ कावळा!"

गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन कावळा, विमान, मांजर दाखवायचं आणि तोंड उघडलं की घास कोंबायचा. ही थाप निरुपद्रवी वाटते, पण मला सगळ्यात धोक्याची हीच वाटते. दचकलेलं, हसणारं किंवा पळणारं मूल श्वास आत ओढतं आणि त्याच वेळी घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. आपल्याकडे तर घरोघरी शेंगदाण्याचे डबे. अख्खा शेंगदाणा, फुटाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नका. दाण्याचा बारीक कूट चालतो.

बसून, समोर ताट ठेवून, वीस ते तीस मिनिटं. तेवढ्यात जे होईल ते. मोबाइलवर गाणी लावून भरवणं हाही त्या कावळ्याचाच नवा अवतार. दोन वर्षांच्या आत तर स्क्रीन नकोच.

बुवा, पोलीस आणि सुई

"खाल्लं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील." ही थाप आपण घरी मारतो आणि फेडतो दवाखान्यात. लस द्यायच्या दिवशी मूल दारातूनच किंचाळायला लागतं आणि त्यात त्याची काही चूक नसते. पोलिसाचंही तेच. उद्या गर्दीत हात सुटला तर पोराने ज्याच्याकडे जायला हवं, त्याचीच आपण भीती घालून ठेवतो.

फुगवून सांगण्याचाही असाच फटका बसतो. भाकरी खाल्ली की सिद्धेश्वराच्या यात्रेतली उंच काठी, म्हणजे नंदीध्वज, पेलण्याइतकी ताकद येते, असं आजोबांनी सांगितलं. लेकीने अर्धी भाकरी खाल्ली, कोपऱ्यातली जाळ्या काढायची उंच काठी उचलली आणि ट्यूबलाइट फोडली.

औषधाला चॉकलेट म्हणणं

इथे मात्र चेष्टा नाही. लोहाचं सिरप असो की तापाचं, त्याला खाऊ, चॉकलेट, सरबत म्हणू नका. मूल एक दिवस आजोबांच्या बीपीच्या गोळ्या किंवा आईच्या लोहाच्या गोळ्या "चॉकलेट" म्हणून संपवू शकतं. लोहाच्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात. औषधाला औषध म्हणा, कडू असेल तर कडू आहे म्हणा, नंतर पाण्याचा घोट द्या. गोळ्या कुलपात ठेवा. मुलाने गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी काढायच्या फंदात न पडता पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

गड्ड्याला नेते

श्रावणात "भाजी संपव, गड्ड्यातल्या पाळण्यात बसवते" असं सांगितलं होतं. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला, म्हणजे जानेवारीत. पोरीने ते पाच महिने रोज विचारलं. आमिषाला कालमर्यादा नसते, एवढं मी यातून शिकले. बिस्किटं "संपली" म्हणून डब्यामागे लपवण्याचं तसंच. पुडा सापडतोच. त्यापेक्षा आणूच नका किंवा "आहेत, चार वाजता दोन मिळतील" म्हणा.

थापेची वेळच का येते ते बघा

बहुतेक वेळा जेवणाच्या ताटात काही बिघडलेलं नसतं, आधीच्या दोन तासांत बिघडलेलं असतं. अकराला दूध, साडेअकराला खारी, बाराला ताट; मग भूक येणार कुठून? दोन खाण्यांत अडीच-तीन तासांची मोकळी जागा ठेवा. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध नको. दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह नसल्यातच जमा असतं. आजोबांच्या बशीतला चहा तर मुळीच नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, तेव्हा हे नखरे सगळेच नखरे नसतात. लोह कमी पडलं की भूकही मंदावते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बाराला भाकरी घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. मोठ्यांनाही जात नाही. मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी ताक-भात, दही-भात, कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी.

थाप पकडली गेली असेल तर

आणखी एक थाप रचू नका. मी दीड महिन्यानंतर सांगितलं, "तो दुधी होता, मी कोथिंबीर म्हटलं, चुकलं माझं." मग दुधी किसायला तिलाच बसवलं. निम्मा खाली सांडला. पहिल्या दिवशी धपाटा खाल्ला नाही, दुसऱ्यांदा केले तेव्हा कडेचा तुकडा खाल्ला, चौथ्यांदा पूर्ण. सासूबाई आणि मी मात्र आधी एक ठरवून घेतलं: पोरीने विचारलं की दोघींनी एकच उत्तर द्यायचं, आणि ते खरं असलं की आठवण ठेवायचा त्रासही वाचतो.

काही वेळा मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका. वजन दोन-तीन महिने जागचं हललं नाही, मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खातं, गिळताना रोज ठसका लागतो, खडा होऊन शी कुंथत करावी लागते, किंवा आधी खात असलेले पदार्थ एकेक सोडत दहा-बारा पदार्थांवरच येऊन ठेपलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. वजन जवळच्या अंगणवाडीत करून मिळतं. दर महिन्याला तिथल्या तक्त्यावर ठिपका मांडून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना तो तक्ता सोबत न्या.