बर्फ कमी आहे म्हणून निर्धास्त होतो, तिथेच फसलो

हिमस्खलनाचा बेसिक कोर्स झालाय, बीकन (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं वापरता येतं आणि स्लॅब (बर्फाचा एकसंध थर) बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो हे माहीत आहे, असं धरून लिहितोय. ज्यांचं हे झालं नसेल त्यांनी आधी ते करा, नुसतं माझं वाचून वर जाऊ नका.

मला हे सगळं येत होतं तरी फसलो. जानेवारी, गुलमर्ग. डिसेंबरमध्ये एकदाच थोडा बर्फ पडला, मग तीन आठवडे आभाळ निरभ्र आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. मग वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा) आला आणि दोन दिवसांत गुडघाभर पडला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. गोंडोलाच्या (रोपवेच्या) वरच्या स्टेशनवरून अफरवट डोंगरावर, स्कीइंगच्या राखलेल्या हद्दीबाहेर निघालो तेव्हा आम्ही तिघंही हेच म्हणत होतो की यंदा बर्फच नाही, सुटून सुटून काय सुटणार.

उतार संपून जरा सपाटी लागली तिथे एका खडकाशी मी थांबायला गेलो आणि पायाखाली 'व्हुम्फ' झालं. धान्याचं भरलेलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा दबका आवाज, कानापेक्षा पोटात जास्त कळतो. मी उभा होतो तिथलं काहीच हललं नाही, पण वर चाळीसेक मीटरवर आडवी रेघ उमटली आणि तो अख्खा तुकडा खाली आला. मित्र कमरेपर्यंत गाडला गेला. डोकं बाहेर होतं म्हणून वाचला. नुसते पाय मोकळे करायला आम्हाला वीस मिनिटं लागली कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो. पूर्ण गाडलेल्या माणसाच्या हातात जेमतेम दहा मिनिटं असतात, पुढे जगायची शक्यता झपाट्याने घसरते, हे आकडे मला पाठ होते पण त्या दिवशी समजले.

नंतर सपाटीवरच खणून जमिनीलगतचा थर हातात घेतला. जाड्या रव्यासारखे सुटे, चमकणारे दाणे. मूठ दाबली तरी गोळा होईना, बोटांतून गळून गेले.

आता हे नीट वाचा. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते आणि वर हवा उणे पंधरा. थर दोन मीटरचा असेल तर हा फरक दोन मीटरमध्ये विभागला जातो, पण थर चाळीस सेंटीमीटरचाच असेल तर तेवढ्याशा जागेत सगळा फरक, मग खालची वाफ जोरात वर सरकते आणि दाणे टोकदार होत एकमेकांपासून सुटतात. म्हणजे कमी बर्फाने आणि त्या निरभ्र रात्रींनीच पाया पोकळ केला होता, गुडघाभर नवा बर्फ त्यावर नुसता टेकला होता. आणि थर सगळ्यात पातळ कुठे असतो? खडकांजवळ. तुमचं वजन कच्च्या थरापर्यंत तिथेच पोचतं आणि तडा तिथून वरपर्यंत धावतो. आपल्याला सह्याद्रीची सवय, कातळ दिसला की आधार वाटतो, पाय आपोआप तिकडे वळतात. तिकडे वळू नका.

'आधीचे ट्रॅक आहेत म्हणजे सेफ' हेही डोक्यातून काढा, दहावा माणूसही उतार सोडवू शकतो. डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या डीआरडीओच्या संस्थेचं) बुलेटिन रोज बघा, पण ते अख्ख्या जिल्ह्याचं असतं, तुमच्या समोरच्या उताराचं नाही. एअरबॅगवर (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणाऱ्या पिशवीवर) पैसे घालण्याआधी एक दिवस जास्त गाइड घ्या असं माझं ठाम मत आहे, आणि गाइड असा हवा जो 'आज नाही' म्हणतो आणि का नाही तेही सांगतो. 'चल रे, काही होत नाही' म्हणणारा कितीही भारी स्कीअर असो, त्याच्यामागे जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडावर तर हिमस्खलनात सापडलेले बहुतेक प्रशिक्षणार्थीच होते, सोबत प्रशिक्षक असताना.

घाबरवायला लिहीत नाहीये, खरंच. पंचवीस अंशांच्या आतले आणि डोक्यावर मोठा उतार नसलेले कितीतरी रस्ते आहेत, मी पुढचे दोन सीझन तिथेच काढले आणि मनापासून मजा आली.

तो मित्रही पुन्हा यायला लागलाय. चालताना दर थोड्या वेळाने स्कीचा पोल (हातातली काठी) उलटा करून मुठीकडून बर्फात दाबत जातो. वर घट्ट लागून खाली पोल एकदम सुळकन गेला की काही न बोलता मागे वळतो, आणि आम्हीही.