साइटवर मोबाइल वापरताय? मग या चुका टाळा

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावजवळ हिंडलग्याकडं एका घराचं काम चालू होतं. सकाळी पोचलो तर बार बेंडरनं (सळई वाकवणाऱ्यानं) चाळीसेक रिंगा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या चौकोनी कड्या, वाकवून ढीग लावून ठेवलेला. सवयीनं एक रिंग उचलून टेप लावला, 150 बाय 370. म्हणजे दोन्ही बाजूंना 40 एमएम कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) धरून 230 बाय 450 च्या कॉलमची रिंग. आणि तो कॉलम आदल्या रात्रीच 300 बाय 450 झाला होता, नवीन पीडीएफ ग्रुपवर पडली होती. "साहेब, माझ्या मोबाइलात हेच हाय की," म्हणत त्यानं फोन पुढं केला, आणि खरंच त्याच्या फोनात जुनंच ड्रॉइंग उघडं होतं. नवीन पीडीएफनंतर मालकाच्या मेहुण्यानं टाइल्सचे वीसपंचवीस फोटो टाकलेले, त्याच्यात ती वर कुठं गेली कुणाला दिसलीच नाही. वाकवलेली 8 एमएमची रिंग सरळ करून परत वाकवायची नसते, त्यामुळं सगळा ढीग बाजूला गेला.

त्या बेंडरची चूक नव्हती, चूक माझी होती. बारा वर्षं मी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात साइटवर आहे, मोबाइल आल्यापासून कामाला वेग आला हे मी शंभर टक्के मानतो. पण ज्या नुकसानीत मी सापडलो त्यात बहुतेक वेळा हेच घडलंय, फोनवर दिसलं म्हणून कुणी हातानं मोजलंच नाही.

तर ड्रॉइंगचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच जातो. ड्रॉइंगसाठी वेगळा ग्रुप करा, त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच टाकता येईल असं सेटिंग ठेवा, मालक, मेहुणे, टाइल्सवाले सगळे दुसऱ्या ग्रुपात. फाइलच्या नावातच तारीख आणि आर-1, आर-2 (कितवा बदल ते) असं लिहा, नुसतं "फायनल" लिहू नका, कारण फायनलच्या नंतर पण एक फायनल येतंच. ड्रॉइंगचा फोटो काढून पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि 8 चा 6 वाचला जातो, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. आणि एक प्रिंट साइटवर पायजेच, त्यावर तारीख आणि सही, जुन्या प्रिंटवर लाल पेनानं आडवी रेघ. प्रिंट काढताना दुकानदार "फिट टू पेज" करतो, मग स्केल बिघडतं, म्हणून प्रिंटवर पट्टी ठेवून कधी माप घेऊ नका, लिहिलेला आकडाच धरा. आकडा नसेल तर इंजिनिअरला फोन करा, अंदाजानं नको.

दुसरी भानगड एमएमची. ड्रॉइंग सगळं एमएममध्ये आणि आपले गवंडी, सेंट्रिंगवाले (स्लॅबच्या फळ्या लावणारे) फूट, इंच, सुतात बोलणारे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 12 एमएमला ते चार सूत म्हणतात, 10 ला तीन सूत, 16 ला पाच सूत. "150 सी टू सी" (सेंटर टू सेंटर) म्हणजे सहा इंचावर एक रिंग हे प्रत्येकाला ठाऊक असतंच असं नाही. त्यात आपल्याकडं एका स्लॅबवर मराठी गवंडी, बागलकोट-विजापूरकडचे कन्नड बोलणारे आणि बिहार-ओडिशाची पोरं एकत्र असतात, ग्रुपवरचा इंग्रजी मेसेज कुणी वाचत नाही. मी आता प्रिंटवर पेनानं दोन्ही मापं लिहितो आणि मिस्त्रीला व्हॉइस मेसेज टाकतो, मग त्यालाच परत माझ्यापुढं बोलून दाखवायला सांगतो. तो बोलला की त्याच्या डोक्यात काय बसलंय ते लगेच कळतं.

आता लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर उजेडाची रेघ टाकून लेव्हल दाखवणारं मशीन. हे मशीन मला मनापासून आवडतं, पण ते एकदा पडलं की हिरवी रेघ तशीच झकास दिसते आणि लेव्हल गेलेली असते. टिळकवाडीत एका हॉलमध्ये फरशी बसवली, 28 फुटात एका बाजूला पाच सूत उतार आला. नंतर कळलं की मशीन आठवड्यापूर्वी गाडीवरून पडलं होतं, पोरानं भीतीपोटी सांगितलंच नाही. चेक करायला दहा मिनिटं लागतात. मशीन एका भिंतीजवळ ठेवून दोन्ही समोरासमोरच्या भिंतींवर खूण करा, मग मशीन दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन परत दोन्हीकडं खूण करा. एका भिंतीवरच्या दोन खुणांमधलं अंतर आणि समोरच्या भिंतीवरच्या दोन खुणांमधलं अंतर सारखंच आलं पायजे, फरक आला तर मशीन दुरुस्तीला. भर उन्हात बाहेर रेघ दिसत नाही, तिथं रेघ पकडणारा डिटेक्टर लागतो, नाहीतर सरळ लेव्हलची पाण्याची नळी काढा, फक्त नळीत बुडबुडा राहिला नाही ना ते बघा. आणि पोरांना सांगून ठेवा, मशीन पडलं तर बोला, कोण रागावणार नाही. मग खरंच रागावू नका.

फोटो सगळेच काढतात पण कामाला येतील असे काढत नाहीत. स्लॅब भरायच्या आधी सळईचा फोटो काढताना टेप फ्रेममध्ये पायजे, आकडा वाचता आला पायजे, आणि खाली कव्हर ब्लॉक (सळई वर धरणारा ठोकळा) दिसला पायजे (स्लॅबला 20 एमएम, बीमला 25). सहा महिन्यांनी प्लंबरनं विचारलं की इथं ड्रिल मारू काय, तर तोच फोटो उपयोगी पडतो. फोटो गॅलरीत ठेवू नका, साइटच्या नावाचा आणि तारखेचा फोल्डर करून क्लाउडवर टाका. जांबोटी-कणकुंबीकडं काम असेल तर नेट सापडेपर्यंत डायरीत लिहा, जे अ‍ॅप ऑफलाइन चालत नाही ते तिकडं काही कामाचं नाही.

आरएमसीची (प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी मोबाइलवर कुठं पोचली ते दिसतं, पण वेळ मोजायची ती प्लँटवर पाणी मिसळल्यापासून, गाडी निघाल्यापासून नाही. ती वेळ गाडीसोबतच्या चलनावर बघा, ढोबळ हिशेब दोन तासांत गाडी रिकामी करायचा, उन्हाळ्यात त्याहून कमी. ड्रायव्हरला ड्रममध्ये पाणी ओतू देऊ नका.

पावसाच्या अ‍ॅपवर नुसतं "बेळगाव" बघून स्लॅबची तारीख धरू नका. एकाच जिल्ह्यात खानापूरला धो धो असतं आणि अथणी कोरडं, म्हणून गावाचं नाव टाकून बघा. वळवाच्या दिवसांत विजेसाठी दामिनी अ‍ॅप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमनं केलंय. आणि ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटचा नकाशा बघा, सांब्र्याचं विमानतळ आणि लष्कराचा भाग जवळ आहे.

आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. अंगठ्याची हजेरी. वीस वर्षं सिमेंटात हात घातलेल्या बाईच्या बोटांवर रेघा राहिलेल्या नसतात, मशीन तिला तीनतीनदा "नॉट मॅच्ड" म्हणतं आणि दिवसाच्या शेवटी तिची अर्धी हजेरी कापली जाते. मी एका मावशींना साडी ओली करून बोट पुसत उभं राहिलेलं बघितलंय, मागं पंधरा माणसांची लाइन, आणि त्या सगळ्यांना सॉरी म्हणत होत्या. चूक त्यांची काय होती? चेहऱ्याची हजेरी किंवा कागदी रजिस्टर सोबत ठेवाच, आणि मशीन चुकलं तर मुकादमाच्या नाही, सुपरवायझरच्या सहीनं हजेरी धरा. पगार यूपीआयनं देताना सगळा मुकादमाच्या नंबरवर टाकू नका, ज्याचा त्याला टाका.

लेबर कार्डाचं पण तसंच. कर्नाटकात बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला 18 ते 60 वय आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आपल्या माणसांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचाच बदललेला असतो. म्हणून आधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्या, मग अर्ज. अर्जातलं कन्नड किंवा इंग्रजी त्यांना वाचता येत नसेल तर नाव, वडिलांचं नाव, बँकेचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांनी हो म्हटल्यावरच सबमिट दाबा. 90 दिवसांचा दाखला आपल्याच रजिस्टरवरून द्यायचा असतो, तेव्हा ते रजिस्टर फोनात असो नाहीतर वहीत, काम संपल्यावर फेकू नका.