टर्बो-३५० गळतोय? पॅकिंगच्या आधी पत्रा बघा

जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६९पासून इम्पाला, कमॅरो अशा कितीतरी गाड्यांत बसला. दणकट आहे, पण या वयात न गळणारा क्वचितच सापडतो. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: पॅनचे, म्हणजे तळाच्या पत्र्याच्या तेल-तबकाचे, बोल्ट अजून आवळा, नाहीतर सिलिकॉन फासा. दोन्ही करू नका. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध तर दुकानातच राहू द्या.

गिअरबॉक्स बाहेरून धुऊन कोरडा करा, गाडी फिरवून आणा आणि खाली शिरा. तेल खाली ओघळतं, वाऱ्यानं मागे सरकतं. त्यामुळे थेंब पडतो ती जागा सोडा, सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला ठिपका शोधा. डिपस्टिकची नळी, स्पीडोमीटरची केबल, मागचं सील: ही कामं सोपी, ओ-रिंग किंवा सील बदला. बेल हाउसिंगमधून (इंजिनाला जोडणारा पुढचा घंटेसारखा भाग) लाल तेल आलं तर पंपाचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बाहेर थेंब नाही, तेल मात्र कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? मग व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी पडद्याची डबी) फाटलाय, इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितंय.

उभ्या गाडीखालीच डबकं होत असेल तर कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलानं भरलेला जोड) तेल पॅनमध्ये उतरून पातळी गिअर लिव्हरच्या दांड्याच्या सीलपर्यंत चढते. ते सील बदला.

आता पॅन. या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त छळलंय. मूळ पॅनला ड्रेन प्लग नाही. १३ बोल्ट, एक बाजू आधी सैल करून तेल काढायचं. फिल्टर बदला.

मग पॅन धुऊन कडेवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड टाका. प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर आलेला आणि दोन भोकांच्या मधे फट दिसेल. आधीच्या मंडळींनी बोल्ट आवळून आवळून केलेली ही करामत. अशा कडेवर कुठलंही पॅकिंग टिकत नाही. व्हाइसमध्ये लोखंडी ठोकळा धरा, पॅनची कड त्यावर टेकवा, पॅकिंगची बाजू वर, आणि प्रत्येक उंचवटा छोट्या हातोडीनं हलके ठोकत बसवा. परत पट्टी लावा, परत ठोका. फट मिटेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. घाई करणाऱ्यानं इथेच गाडी दुसऱ्याकडे द्यावी.

पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉन आत सुटलं तर थेट फिल्टरवर जाऊन बसतं, आणि तेलकट कॉर्क आवळताना बाहेर सरकतो. कॉर्कशीट कापून घेतलंत तरी चालेल, जाडी सगळीकडे सारखी हवी. बोल्ट आधी हातानं, मग समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं सुमारे १६ न्यूटन मीटर. कॉर्कला थोडं कमी. केस ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालत बसाल.

डेक्सरॉन जातीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आधी दोन लिटर. इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, मग थोडं थोडं ओता. पातळी नेहमी गरम इंजिन चालू ठेवून, पार्कमध्येच बघायची. जास्त झालं तर तेलाला फेस येतो, ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) बाहेर पडतो, आणि तुम्ही उगाच पॅन परत उघडता.