पावसाळ्यात टर्फचा जोड सुटला? गम आणायच्या आधी खालची माती बघा

आमच्याकडे भुसावळ-जळगाव पट्ट्यात आता शेताच्या कडेला, हायवेला, जिथे जागा मिळेल तिथे बॉक्स क्रिकेटचे टर्फ, म्हणजे खोट्या गवताचं कार्पेट अंथरलेली छोटी मैदानं, झालेत, आणि जुलै लागला की सगळ्यांचं रडगाणं एकच, जोड सुटला, पाणी साचलं, कोपऱ्यात शेवाळ धरलं. मी पण असाच एक टर्फ सांभाळतो. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये मॅचच्या आदल्या संध्याकाळी जोड सुटला म्हणून घाईघाईत पीयूचा (पॉलियुरेथेनचा) गम कालवून लावला, वरून फडक्याने पुसलं होतं पण खाली ओल होतीच, तर तो गम सकाळपर्यंत फुगून इडलीसारखा जाळीदार झाला आणि दुसऱ्या ओव्हरला एका पोराचा पाय अडकून सगळी पट्टीच वर आली. पीयू गमला ओल लागली की गॅस धरतो, बुडबुडे होतात, पकड जाते, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या मळ्यातले बाबा तेव्हा बांधावरून एवढंच बोलले, "आधी पानी कथा जास ते देख." म्हणजे पाणी कुठे जातं ते आधी बघ. तेच खरं आहे.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर पातळ मुरूम टाकून टर्फ अंथरला असेल तर वरचं कार्पेट दरवर्षी खालीवर होणारच, आणि ताण सगळ्यात आधी जोडावर येतो. म्हणून जिथे सुटलंय तिथे आधी एक बादली पाणी ओता. चहा उकळेपर्यंत पाणी तसंच उभं असेल तर तिथली पातींमध्ये भरलेली वाळू आणि रबराचे दाणे हाताने बाजूला करा आणि कार्पेटच्या उघड्या पाठीवर (गवताची पाती ज्यात शिवलेली असतात ते खालचं कापड) परत पाणी ओता. आता गेलं म्हणजे दोष वाळूत आहे, मे महिन्याच्या वावटळींनी शेतातली धूळ आत बसून पहिल्या पावसात तिचा चिखल झालाय. तरीही नाही गेलं तर पाठीची भोकं बुजलीत, ती बारीक सळईने मोकळी करा, आणि त्यानेही काही होत नसेल तर मग खालचा थर बसलाय.

थर बसला असेल तर कार्पेट जोडापासून उलटवायचं, चिखल झालेला भाग खरवडून काढायचा, खाली बारीक खडी, वर क्रशरची डस्ट, थोडं थोडं टाकून दर वेळी धुम्मसने ठोकायचं आणि गवंड्याची लांब पट्टी आडवी फिरवून बघायचं. काळी माती परत भरू नका, फुकट मिळते म्हणून लोक भरतात. उतार बाहेरच्या चारीकडे हवा आणि चारी मोकळी हवी, आमच्या चारीत तर अर्धा वेळ चिप्सची पाकिटंच निघतात.

आता जोड. भर पावसात पक्कं काम करायचंच नाही, दोन-तीन दिवस उघडीप मिळाली आणि पाठ, थर दोन्ही हाताला कोरडे लागले तरच गम काढा, नाहीतर दसऱ्यानंतर करा. तोवर तात्पुरतं काय तर दाभण आणि जाड नायलॉनचा दोरा. मार्केट यार्डात गोण्या शिवतात तसेच टाके पाठीतून घ्यायचे, पाती बाजूला सारून, म्हणजे दोरा वर दिसत नाही. आमचा एक हमाल मित्र आहे, त्याने पंधरा-वीस मिनिटांत हातभर जोड असा शिवून दिला की तो पूर्ण पावसाळा टिकला, मी मात्र दोनदा बोट टोचून घेतलं. खेळायच्या जागेत खिळे ठोकू नका, कोणाचा तरी गुडघा फुटेल. सुतारकामाचा पांढरा गम पण नको, ओल्यात सुटतो.

पक्क्या कामाला जुना गम खरवडायचा, जोडपट्टी (दोन्ही कडा जिच्यावर चिकटतात ती पट्टी) खाली बरोबर मध्ये ठेवायची, गम दातेरी पत्र्याने पसरायचा आणि दोन्ही कडा भिडवायच्या, एकावर एक चढवायच्या नाहीत. पाती गमात अडकू देऊ नका. वर वाळूच्या गोण्या ठेवून एक दिवस कोणाला पाय ठेवू देऊ नका. ठिगळ लावायचं असेल तर पाठीच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापा आणि पाती कुठल्या दिशेला झुकलीत ते बघा, उलटं बसवलं की लांबूनच वेगळा रंग दिसतो.

शेवाळ सावलीच्या भिंतीकडे येतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून शिंपडा, थोडा वेळ थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश बिलकुल नको, पाती फाटतात. कडेने हराळी आणि लव्हाळा उगवतोच (खोट्या गवतात खरं गवत, नशीब बघा), तो जमीन ओली असताना मुळासकट ओढा, लव्हाळ्याची गाठ खाली राहिली तर परत येतो. गुटख्याच्या डागाला लगेच साबणाचं पाणी, वाळला की अवघड, आणि च्युइंगमवर बर्फ धरून कडक झालं की उचकटायचं. केरोसीन ओतणारे पण पाहिलेत मी, त्याने खालची पाठ आणि गम खराब होऊ शकतात.

बाकी आठवड्यातून एकदा पाती झुकलीत त्याच्या उलट्या दिशेने ब्रश मारा, खासकरून बॉलिंगच्या टप्प्यावर आणि बॅट्समन उभा राहतो तिथे, कारण दाणे तिथूनच उडून कडेला जातात. निंबाचा पाला आत कुजू देऊ नका. पाऊस लागायच्या आधी, मे अखेरीस, वरची धूळ ब्लोअरने काढून दाण्यांचा थर सैल करून ठेवला तर निम्मी कटकट कमी होते, फक्त हे काम सकाळी सातच्या आत उरका, ४५ डिग्रीत दुपारी त्या रबरावर अनवाणी उभं राहून दाखवा.

आणि टर्फ बसवणाऱ्याकडून उरलेले तुकडे मागून घ्या, तो गाडीत टाकून नेतो. पण ते गोडाऊनमध्ये ठेवू नका, शेडच्या पत्र्यावर उन्हात पसरून बांधून ठेवा, म्हणजे मैदानाइतकेच तेही विटतात आणि तीन वर्षांनी ठिगळ लावलं तरी कुठे लावलंय ते पटकन दिसत नाही.