पोरगं हुशार, फॉर्म मात्र सुटला! पाचवी ते आठवीच्या पालकांनो, या चुका टाळा

आमच्या गावांत पोट्टं हुशार आहे हे दोन गोष्टींवरून ठरतं. पाढे धडाधड म्हणतं, आणि १५ ऑगस्टला न अडखळता भाषण ठोकतं. मग बाप पानठेल्यावर सांगतो, सरपंच पाठीवर थाप मारतो आणि 'याले कलेक्टर करू' असं चौकातच ठरून जातं. पुढं नेमकं काय करायचं, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. मागे राहिलेली जी हुशार पोरं पाहिली, त्यातली बरीचशी परीक्षेत नापास झालीच नव्हती. ती परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत. एक-दोन तर माझ्याच चुकीनं.

लवकर झालं? मग अजून पंधरा कर

ही पहिली चूक माझीच. सहावीत एक पोरगा होता. भागाकाराची दहा उदाहरणं दिली की सात-आठ मिनिटांत वही टेबलावर. बाकीचा वर्ग तेव्हा तिसऱ्या उदाहरणावर. मी त्याला अजून पंधरा द्यायचो. तीही व्हायची, मग अजून. दिवाळीनंतर लक्षात आलं की हा आता सगळ्यांच्या शेवटी वही आणतो. मला वाटलं, लक्ष उडालं. बाकाजवळ जाऊन पाहिलं तर दहाच्या दहा उदाहरणं कधीचीच सुटलेली, आणि हा खाली मान घालून पेन्सिलीला टोक करतोय. टोक झालं की मोडायचं, परत करायचं. बाकाखाली सालपटांचा ढीग, पेन्सिल बोटभर उरलेली. लवकर संपवलं की जास्त काम पडतं, हा हिशेब त्यानं अचूक मांडला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला एकच प्रश्न दिला. सातनं भागल्यावर तीन उरतात आणि पाचनं भागल्यावर दोन उरतात, अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? सतरा त्यानं लगेच काढली. मग विचारलं, पुढची कोणती, आणि त्यापुढच्या सगळ्या कशा सापडतील? दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी परिपाठाच्या रांगेतूनच ओरडला, "सर, पस्तीस-पस्तीसची उडी मारते ते!" सतरा, बावन्न, सत्त्याऐंशी. सालपटं बंद झाली.

घरीही हेच होतं. एक गाइड संपलं की दुसरं, मग तिसरं, आणि तिन्हींत उदाहरणं तीच. तिसऱ्या गाइडच्या पैशात बुद्धिबळाचा पट येतो. जे येतं तेच पुन्हा करायला लावू नका, एक पायरी वरचं द्या. ते सुटायला आठवडा लागला तरी चालेल.

'गप बस, अभ्यास कर'

सातवीतली एक पोरगी. जुलैचा महिना, वर्गात घामाच्या धारा. तिनं विचारलं, "सर, पावसाळ्यात कूलर काहून थंडं नाही करत जी? एप्रिलमध्ये त करते." वर्ग हसला. घरी तिनं हाच प्रश्न बापाला विचारला होता, तर 'मोटर खराब झाली असन' एवढंच उत्तर मिळालं. विदर्भात ज्या घरी कूलर आहे त्या प्रत्येक घरात हा प्रश्न दर पावसाळ्यात असतो, आणि तो कोणी विचारत नाही.

शाळेच्या कपाटातून दोन तापमापी काढल्या. एक तशीच ठेवली. दुसरीच्या फुग्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. दोन्हींत तीनच अंशांचा फरक आला. तिला म्हटलं, हे आकडे जपून ठेव, उन्हाळ्यात परत बघू. एप्रिलमध्ये कोरडी तापमापी ४२ वर आणि ओली २२ वर. वीस अंशांचा फरक! हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प असतं, मग पाणी उडणार तरी कुठं? कूलर पाणी नुसतं फिरवत राहतो आणि घर अजून चिकट करतो. हे तिनं स्वतः शोधलं, मी फक्त कपाटाची किल्ली दिली. बियाण्याच्या कोऱ्या पाकिटांच्या मागं लिहिलेल्या नोंदी तिच्याजवळ अजून आहेत.

असल्या कामालाही व्यासपीठ आहे. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना ती घेते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, आणि शेवटच्या टप्प्यात कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत. त्या मुलाखतीत घोकलेलं पोरगं पाच मिनिटांत उघडं पडतं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलांच्या कल्पना शाळेकडून पोर्टलवर जातात, आणि निवड झाली तर १०,००० रुपये मुलाच्याच बँक खात्यात येतात. इथली नेहमीची चूक म्हणजे मोबाइलवर बघून मामानं बनवलेलं ठिबक सिंचनाचं मॉडेल. परीक्षकांनी तसली मॉडेलं ढिगानं पाहिलेली असतात. निंदताना आईच्या कमरेला काय होतं, तूर झोडपताना धूळ कोणाच्या नाकात जाते, हे पोरगं रोज बघतं. कल्पना तिथून येऊ द्या, आणि मॉडेल वाकडं असलं तरी त्याच्याच हातचं असू द्या.

पेरणीच्या गडबडीत गेलेली तारीख

आता कागदाचं. सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, प्रवेश परीक्षा देऊन सहावीत जायचं. तिचे फॉर्म साधारण जुलैत भरले जातात. आपल्याकडे तेव्हा पेरणी, दुबार पेरणी, डवरणी चाललेली असते. शाळाही उन्हामुळं बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडलेली. मुदत वाढेल म्हणून बसू नका. आणि एक कायम लक्षात ठेवा: सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत असताना. आठवीतल्या मुलांसाठी नववीच्या रिकाम्या जागांची परीक्षा वेगळी असते, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

यातली सगळ्यात महागडी चूक फॉर्मच्या वर्ष-दोन वर्षं आधीच झालेली असते. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं तरी पोरगं शहरी धरलं जातं. आपण काय करतो? 'नवोदयची तयारी चांगली होईल' म्हणून चौथीत त्याला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये टाकतो. ज्या जागेसाठी धडपड, तीच जागा हातानं घालवतो. दुसरी गोष्ट जिल्ह्याची. पोरगं ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी फॉर्म भरता येतो. वर्ध्याच्या पोरानं पाचवी यवतमाळ जिल्ह्यात मामाच्या गावी केली, तर सेलूकाट्याच्या, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या नवोदयचा नाद सोडावा लागतो. हद्दीवरच्या गावांत हे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतं.

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा वेगळाच घोळ. ती आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनानं ती परत चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. मोठ्या पोरीच्या अनुभवावर धाकट्याचं गणित मांडू नका. शाळा उघडल्याच्या आठवड्यात जाऊन विचारा, यंदा कोणत्या वर्गाला काय आहे.

एनएमएमएस : मिळालेले पैसे थांबतात कसे

एनएमएमएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीची ही परीक्षा गरीब घरच्या हुशार पोरासाठी सोन्याची खाण आहे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. बसता येतं फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. घड्याळ लावून सराव केला नाही तर शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न कोरे राहतात.

चुका निकालानंतरच्या बघा. एका बापानं पोरगं पास झाल्याच्या आनंदात त्याला नववीत विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं. शिष्यवृत्ती गेली, वर फी बसली. आणि माझी चूक अशी. एका पोरीचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर आडनावात एका वेलांटीचा फरक. मला तो दिसला होता. 'होऊन जाईन' म्हणून मी सोडून दिला. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज अडकला, पडताळणीची मुदत संपली आणि पहिल्या वर्षाचे पैसे आलेच नाहीत. तिची आई कापूस वेचायला जाते. १२,००० रुपये म्हणजे तिच्या किती दिवसांची मजुरी, हे मी मुद्दाम मोजलं नाही.

म्हणून सहावीतच कागदांची एक प्लास्टिकची पिशवी करा. आधार, जन्माचा दाखला, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. नसेल तर दुरुस्ती आताच, उन्हाळ्यात. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. आणि ही शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, एकदा भरून विसरायची नाही.

वर्तुळं

गावातल्या पोरानं वर्षभर वहीवर उत्तरं लिहिलेली असतात, आणि परीक्षेत पहिल्यांदा वर्तुळांची उत्तरपत्रिका हातात येते. एक प्रश्न सोडला आणि वर्तुळ मात्र ओळीनं भरत गेलं की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. नवोदयमध्ये खोडाखोड चालत नाही, पण चुकीच्या उत्तराचे गुणही कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. राज्याच्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आणखी एक गंमत होती. वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळायचे. हुशार पोरं पहिला बरोबर पर्याय दिसला की थांबायची. जुन्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढा, घरी बॉलपेननं भरायला लावा, पाच-सहा वेळा तरी.

नवोदय नाही लागलं

एका नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, आणि बसतो अख्खा जिल्हा. तरी निकालाआधीच आपण पानठेल्यावर सगळं सांगून ठेवलेलं असतं. ज्याचं लागलं त्याचा चौकात फ्लेक्स. ज्याचं नाही लागलं ते पोरगं त्याच फ्लेक्सखालून रोज शाळेत येतं. दहा-अकरा वर्षांचं लेकरू ते! त्याच्यासमोर 'थोड्यानं हुकलं हो' असं पाव्हण्यांना सांगणं बंद करा. आणि पाचवीच्या पोराला वर्षभर निवासी क्लासमध्ये टाकायला मी तरी सांगणार नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनाही नाही.

एक असाच पोरगा परवाच्या जूनअखेरीस सहावीत आला. पाचवीच्या गुरुजींनी सांगितलं होतं, वर्गात सगळ्यात पुढं. माझ्या वर्गात मात्र महिनाभर तोंड उघडलं नाही, प्रश्न विचारला की खिडकीबाहेर बघायचा. नवोदयचं नाव मी काढलं नाही. त्या पोरीच्या दोन तापमापी त्याच्या ताब्यात दिल्या, रोज दुपारी नोंद घ्यायची एवढंच काम. पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून सामान तो घरी घेऊन गेला होता. मी पुरणपोळी खात होतो, तर दारात हा, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वही. "सर, आज दोनच अंशाचा फरक हाये. पाऊस यायच्या आधीची नोंद घेऊ का नंतरची?"